दुर्बीण बसवायला लागणारा वेळ

मेल्विन सालोने डब्यातून मुद्दाम एक नंबर लहान पेचकस निवडला, स्क्रूच्या खाचेत घातला आणि मनगटावर सगळा भार टाकून पिळला. पेचकस सटकला. खाचेची एक कड चुरगळून वर आली. त्याने पुन्हा घातला, पुन्हा पिळला, आणि दुसरी कडही गेली. मग चष्मा काढून तो त्या स्क्रूकडे नुसता बघत बसला.

"झालं?" ओट्यापाशी उभ्या लोइसने विचारलं. तिने वळून पाहिलं नाही. ती पेस्टीसाठी पाऱ्या लाटत होती. मांस, बटाटा आणि सलगमाचं सारण परातीत तयार होतं.

"झालं. आता हा निघायचा नाही."

"ड्वेनला पटेल?"

"कोणालाही पटेल. जुना स्क्रू, गंजलेला, खाच गेली. होतं असं."

"तुझ्या हातून होतं?"

मेल्विनने पेचकस डब्यात टाकला आणि झाकण जरा जोरातच लावलं.

मेल्विनचं हे स्वयंपाकघरातलं टेबल आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मिशिगनच्या वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या या बाजूला, बर्फ कधी पडत नाही असे महिने फार थोडे, आणि मेल्विनने जन्मभर काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला. पण लोक त्याला ओळखतात ते रायफलींवरच्या दुर्बिणींमुळे. ऑक्टोबर लागला की कोणी ना कोणी रायफल ब्लँकेटात गुंडाळून दारात उभा असतो. मेल्विन त्याला आत घेतो, बूट काढायला लावतो, कॉफी देतो, आणि दुपारभरात अशी दुर्बीण बसवून देतो की जाताना ट्रक खड्ड्यात आदळला तरी तिच्या आतली नेमाची फुली केसभर हलायची नाही. पैसे घेत नाही. मात्र कोणी स्वतः खटपट करून स्क्रूची वाट लावून आणलेली दिसली, तर त्या माणसाची धडगत नसते. "लोणी लावायची सुरी वापरलीस का रे?" असं तो त्याला पुढे वर्षभर चारचौघांत विचारतो. असा हा गृहस्थ आज स्वतःच्या हाताने स्क्रूची खाच मारून बसला होता.

रायफल ड्वेनची होती. ड्वेन हा लोइसचा धाकटा भाऊ, म्हणजे मेल्विनचा मेव्हणा, आणि शिकारीच्या कॅम्पात लग्नाच्याही आधीपासून शेजारच्या फळीवर घोरणारा जोडीदार. रायफल त्याच्या ऐन तारुण्यातली, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरायची. ड्वेनने तिला कधी दुर्बीण लावली नाही, आणि वर त्याचा तोरा मिरवला. "दुर्बिणीतूनच हरीण बघायचं तर खाटकाकडे जा की," तो कॅम्पात म्हणायचा, "तिथे आणखी जवळून दिसतं." यावर दरवर्षी तेच लोक तितकंच हसायचे.

ऑगस्टात त्याची बायको जॉइस गेली. दुखणं लांबलं होतं, त्यामुळे गेली तेव्हा सुटली असं लोक म्हणाले, आणि ड्वेननेही मान डोलावली. तो रडला नाही. प्यायला लागला नाही. कोणावर ओरडला नाही. त्याने फक्त एकेक वस्तू देऊन टाकायला सुरुवात केली. होडी पुतण्याला दिली. गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला बसायची झोपडी शेजाऱ्याला दिली. जॉइसचं शिवणयंत्र चर्चला दिलं, ते एक वेळ ठीक. मग शनिवारी त्याच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघेनासा झाला. लोइसच्या ओट्यावरच्या खिडकीतून शेतापलीकडचं ते धुराडं दिसतं. आमच्याकडे माणूस चर्च चुकवील, मतदान चुकवील, पण शनिवारी सौना पेटवायचा चुकवत नाही. घरात मयत असलं तरी त्या निमित्ताने पेटवतातच. आणि सप्टेंबर सरता सरता त्याने कुत्रा देऊन टाकला.

त्या दिवशी जेवताना लोइसने काटा खाली ठेवला.

"त्याच्या घरातली रायफल आण," ती म्हणाली.

"काय सांगून आणू?"

"ते तू बघ. पण आण. मला झोप लागत नाही."

मेल्विनने त्याला सरळ विचारायला हवं होतं, असं ज्यांना म्हणायचं ते म्हणोत. आमच्याकडे पुरुष एकमेकांना इंजिनाबद्दल विचारतात, गुडघ्यांबद्दल विचारतात. त्याच्या पुढचं काही विचारायचं तर दोघांना एका ट्रकमध्ये, समोर रस्त्याकडे बघत बसावं लागतं, आणि तरी बोलणं बहुधा हवामानावर येऊन थांबतं. मेल्विन दुसऱ्या दिवशी शेत ओलांडून गेला आणि म्हणाला, "साठी उलटली तुझी. पुढची माशी दिसते तरी का तुला आता? दे इकडे, दुर्बीण बसवून देतो." वाटेत त्याने आणखी चार कारणं घोकून ठेवली होती. एकाचीही गरज पडली नाही. ड्वेन उठला, कपाटातून रायफल काढली, तिच्यावर गोळ्यांचा डबा ठेवला आणि म्हणाला, "ने."

मेल्विन परत येताना जास्तच घाबरला होता. भांडायची तयारी करून जावं आणि समोरच्याने भांडूच नये, हे काही चांगलं लक्षण नव्हे.

तेव्हापासून रायफल मेल्विनच्या कपाटात, कुलूप लावून. आधी म्हणे दुर्बिणीखाली बसवायचा बेस चुकीचा आला. मग दुर्बीण आवळून धरणाऱ्या रिंगा उंच निघाल्या. मग बरोबरच्या रिंगा टपालात अडकल्या. हार्डवेअरच्या दुकानात लोक बोलायला लागले. मेल्विनचे हात गेले रे आता, असं कोणीतरी म्हणालं, ते फिरत फिरत त्याच्या कानावर आलं, आणि दोघातिघांनी आपल्या रायफली यंदा दुसरीकडे नेल्या. मेल्विनने ते गिळलं. गिळलं म्हणजे घरात लोइसला रोज ऐकवलं, पण बाहेर ब्र काढला नाही.

आज सकाळी ड्वेनचा फोन आला होता. परवा पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. "दुपारी येतो," तो म्हणाला होता. "झाली नसेल तरी चालेल. आहे तशी नेतो."

ड्वेन आला तेव्हा पेस्ट्या नुकत्याच भट्टीत गेल्या होत्या. त्याने दारात बूट काढले, टोपी खुंटीला अडकवली. तो वाळला होता, पण दाढी केलेली होती आणि शर्ट इस्त्रीचा होता. ते पाहून लोइसला बरं वाटलं. मेल्विनला नाही वाटलं.

"वास सुटलाय," ड्वेन म्हणाला.

"जेवूनच जायचं," लोइस म्हणाली.

"बघू."

"बघू काय बघू? बस तिथे."

तो बसला. लोइसने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि वेलदोड्याच्या पावाचे दोन जाड काप ठेवले. त्याने एक काप कॉफीत बुडवला, अर्धा खाल्ला, अर्धा बशीत तसाच राहिला. टेबलाच्या मधोमध फळीच्या खोबणीत रायफल आडवी होती, बाजूला पेचकसांचा डबा, छोटी पाणसळ, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात नवी दुर्बीण.

"एवढा वेळ पोप निवडायलाही लागत नाही," ड्वेन म्हणाला.

"स्क्रू," मेल्विन म्हणाला. "बेससाठी कारखान्यातच भोकं पाडलेली असतात ना, त्यांत बुजवणीला घातलेले. ते काढल्याशिवाय बेस बसत नाही. तीन निघाले. चौथा घट्ट झालाय. खाचच गेली त्याची."

ड्वेनने रायफल उचलली. बोल्ट मागे ओढून आत बघितलं, करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवला. हे सगळं हात आपोआप करत होते. मग त्याने तो स्क्रू खिडकीच्या उजेडात धरला. कागदाच्या गिरणीत त्याचा जन्म यंत्रशाळेत गेला होता. लोखंडावर कोणी काय केलं हे त्याला सांगावं लागत नसे.

"लहान पेचकस वापरलास," तो म्हणाला.

"घाईत होतो."

"तू?"

"वय झालं लेका. तुझंच होतं का?"

"हं," ड्वेन म्हणाला. त्याने स्क्रूवरून अंगठा फिरवला. मग मेल्विनकडे न बघता म्हणाला, "लोणी लावायची सुरी होती का रे?"

मेल्विनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लोइस ओट्याकडे तोंड करून हसली, आणि आपण हसलो याचंच तिला वाईट वाटलं.

"कॅम्पला उद्या सकाळीच निघायचं म्हणतायत सगळे," मेल्विन म्हणाला. "तुझी फळी झाडून ठेवलीय. मागच्या वेळी उंदरांनी गादी कुरतडली होती, ती बदलली."

"मी नाही येत."

"का?"

"यंदा घरामागेच बसेन म्हणतो. ओढ्याच्या वर."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर काय? एकटाच."

लोइस ओटा पुसत होती, तिचा हात थांबला. मेल्विनने कॉफीचा कप खाली ठेवला.

"कॅम्पात सगळे जपून बोलतील," ड्वेन म्हणाला. "जॉइसचं नाव कोणी काढणार नाही. मी लघवीला बाहेर गेलो की मागे कुजबुजतील आणि आत आलो की पत्ते वाटतील. मला ते सोसायचं नाही. सोल्डरिंग आयर्न आहे ना तुझ्याकडे?"

"कशाला?"

"स्क्रू काढायला. आण."

नाही म्हणायला काही कारण असतं तर मेल्विनने म्हटलं असतं. तो पडवीतून सोल्डरिंग आयर्न घेऊन आला, आणि येताना जरा रेंगाळला. ड्वेनने तेवढ्या वेळात एक जुना पेचकस निवडून धार लावायच्या दगडावर त्याचं टोक घासायला घेतलं होतं. दोनदा घासायचं, खाचेत लावून बघायचं, पुन्हा घासायचं. टोक आणि चुरगळलेली खाच यांत उजेड दिसेनासा झाला तेव्हा त्याने हात थांबवला. मेल्विनने स्क्रूच्या डोक्यावर तापलेली अणी धरली. तेलाचा धूर निघाला. मग ड्वेनने पेचकस बसवला, हातोडीने वरून हलकेच टिचकी मारली, आणि पिळला. जाड कागद फाटावा तसा आवाज झाला आणि स्क्रू फिरला.

"निघाला," ड्वेन म्हणाला. त्याने तो तळहातावर घेऊन मेल्विनच्या नाकापुढे धरला. "हा जपून ठेव. तुझ्या थडग्यावर बसवू."

मेल्विन हसला. खरंच हसला. दोघांनी मिळून असं काम केल्याला फार दिवस झाले होते, आणि हाताला काम लागलं की माणूस क्षणभर सगळं विसरतो. त्याने बेस पुसून बसवला. ड्वेनने रिंगांचे खालचे अर्धे लावले. एकाने हात पुढे करायचा आणि दुसऱ्याने न विचारता हवी ती वस्तू त्यावर ठेवायची, असं चाललं होतं. लोइस भट्टीचं दार उघडून पेस्ट्या फिरवत होती आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघत होती. ती मेल्विनशी नजरानजर करू पाहत होती, पण मेल्विन तिच्याकडे बघायचं टाळत होता. काम पुरं होत चाललं होतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.

"फुली सरळ बसायला ओळंबा लागेल," मेल्विन म्हणाला.

ड्वेनने बूट चढवले, बाहेर जाऊन लाकडाच्या शेडच्या वळचणीला दोरी बांधली, खाली जड नट अडकवला. बर्फ भुरभुरत होतं. दोरी हलायची थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, कोट न घालता.

"दे त्याला रायफल, नाहीतर नको देऊ," लोइस दबक्या आवाजात म्हणाली, "पण काय ते ठरव."

"मी काय करू सांग ना."

"मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

ड्वेन आत आला. मेल्विनने दुर्बीण रिंगांत ठेवून वरचे अर्धे सैलसर बसवले होते.

"डोळे मीट," तो म्हणाला. "रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, मान सैल सोड. मग डोळे उघड. काच डोळ्यापासून किती दूर हवी ते तेव्हाच कळतं."

"मला शिकवतोस?"

"रायफल नाही शिकवत. दुर्बीण शिकवतोय. तुझ्या घराण्यात कोणाला माहिती आहे?"

ड्वेनने खिडकीकडे तोंड केलं, रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर ठेवला आणि डोळे मिटले. आणि तसाच राहिला. पापण्या हलत नव्हत्या. श्वास संथ चालला होता. लोइस हातातलं फडकं घट्ट धरून भावाच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी गोवर आला तेव्हा तो असाच निजला होता आणि ती असंच बघत होती. बोल्ट टेबलावर आहे, नळी रिकामी आहे, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिला वाटलं की आता ओरडावं.

"उघड ना," मेल्विन म्हणाला.

"बरं वाटतं असं," ड्वेन डोळे मिटूनच म्हणाला. "झोपेत असल्यासारखं." मग त्याने डोळे उघडले. "कडेने काळं दिसतंय."

मेल्विनने दुर्बीण थोडी मागे सरकवली. "आता?"

"अजून."

"आता?"

"आता सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"माझं धुराडं," ड्वेन म्हणाला, आणि रायफल खाली केली.

पुढचं काम मेल्विनने केलं. रायफल खोबणीत पाणसळीवर सरळ केली, मग दुर्बिणीतून ओळंब्याच्या दोरीकडे बघत ती हळूहळू फिरवली. फुलीची उभी रेघ दोरीला मिळाली तेव्हा त्याने एकेक स्क्रू काढून त्याला सैल होऊ नये म्हणून लावतात ते निळं औषध लावलं आणि आवळायला घेतलं. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, आळीपाळीने. त्याला घाई करता येईना आणि उगीच वेळही काढता येईना. ड्वेन त्याच्या हातांकडे बघत होता. शेवटचा स्क्रू पेचकसाला दाद देईनासा झाला तेव्हा मेल्विनने हात काढला.

दुर्बीण सुरेख बसली होती. एवढी चांगली त्याने यंदा कोणाचीच बसवली नव्हती.

"झालं?" ड्वेनने विचारलं.

मेल्विन चिंधीने हात पुसत राहिला. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. रिंगा आल्या होत्या, स्क्रू निघाला होता, फुली सरळ होती. दीड महिना तो एकामागून एक खोटं पुढे करत आला होता, आणि आता त्याच्या खिशात एकही उरलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"काय राहिलं?"

"औषध. सुकायला हवं."

"ते एका दिवसात सुकतं."

"हे नाही सुकत."

"मग किती वेळ लागेल?"

मेल्विनने मान वर केली आणि आज पहिल्यांदा मेव्हण्याच्या डोळ्यांत बघितलं. "बर्फ वितळेपर्यंत," तो म्हणाला. "कदाचित त्याच्याही पुढे. मी नाही देत तुला ही, ड्वेन. तू काय वाटेल ते म्हण."

भट्टीत पेस्टीतून गळालेला रस चरचरत होता. ड्वेनने बशीतला अर्धा काप उचलला, परत ठेवला.

"हिचं डोकं?" त्याने लोइसकडे हनुवटी केली.

"माझं," लोइस म्हणाली. ती टेबलापाशी आली. "तू होडी दिलीस, मी गप्प बसले. झोपडी दिलीस, गप्प बसले. कुत्रा दिलास, ड्वेन. कुत्रा. मी काय समजायचं होतं त्यातून? मला जॉइस हवी होती, ती गेली. मला तू हवा आहेस. रडका, चिडका, कसाही. शनिवारी आमच्या डोक्यावर येऊन बस, शिव्या दे, पण राहा."

एवढं बोलणं तिने भावाशी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिने खुर्चीची पाठ धरली.

"त्याला वेळेवर खायला घालणं होत नव्हतं माझ्याच्याने," ड्वेन म्हणाला. "कुत्र्याला. दुपार व्हायची माझी उठेस्तोवर. तो भांड्यापाशी बसून असायचा. भुंकायचासुद्धा नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. मग मेल्विनला म्हणाला, "तू शेत ओलांडून आलास ना, तेव्हाच कळलं होतं मला. दुर्बिणीचं बोलत होतास आणि भिंतीकडे बघत होतास."

"मग दिलीस कशाला?"

"न्यावीस म्हणून."

"आणि आज परत मागायला आलास, ते?"

ड्वेनने खांदे उडवले. "आज दिली असतीस तर नेली असती."

ड्वेन उठला. दारापाशी जाऊन बूट चढवले, नाड्या न बांधताच बाहेर पडला. टोपी खुंटीवरच राहिली. बाहेर त्याच्या ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला.

"गेला," लोइस म्हणाली. "जा ना त्याच्या मागे. मेल्विन, जा ना."

मेल्विन उठला, पण गुडघा धरला म्हणून टेबलाला टेकून उभा राहिला. ट्रक सुरू झाला नाही. थोड्या वेळाने दार आपटलं. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि ड्वेन आत आला, डोक्यावर बर्फ, दोन्ही हातांत काहीतरी धरलेलं, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं. फडकं जॉइसचं होतं. त्याच्या कडेला तिने लाल धाग्याने वेल भरला होता. त्याने ते रायफलीशेजारी ठेवलं आणि फडक्याची टोकं एकेक करून उलगडली.

आत आखूड नळीचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं.

"हे तर बाबांचं," लोइस म्हणाली. "बाबा गेले तेव्हा विकलं म्हणाला होतास तू."

"म्हणालो होतो."

"कुठे होतं हे?"

"आधी घरात होतं," ड्वेन म्हणाला. "कुत्रा दिला तेव्हापासून ट्रकमध्ये आहे. माझ्या सीटखाली."

मेल्विन ते बघत राहिला. दीड महिना तो एक कपाट कुलूपबंद करून, किल्ली खिशात घालून झोपत होता. याचा विचार त्याच्या मनात आला नव्हता, लोइसच्याही नाही. हरणं मारणारा माणूस म्हटल्यावर त्या दोघांना फक्त रायफल दिसली होती.

"यावर दुर्बीण बसते का?" ड्वेनने विचारलं.

मूठभर वस्तू ती. नळी अंगठ्यापेक्षा थोडी लांब, वर सपाट जागा नाही, स्क्रूला भोक नाही. असल्या वस्तूला दुर्बीण लावायला निघालेल्या माणसाला मेल्विनने आयुष्यभर पुरेल एवढं हसून घेतलं असतं. त्याने ते न उचलता, मान वाकडी करून, या बाजूने आणि त्या बाजूने नीट पाहिलं.

"बसते," तो म्हणाला. "पण फार वेळ लागेल."

"लागू दे."

ड्वेन खुर्चीत बसला. बूट काढायचे राहून गेले होते. त्यांवरचं बर्फ फरशीवर वितळत होतं आणि लोइस त्याला काही बोलली नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"भरलेलं आहे ते," तो म्हणाला. "तेवढं तू काढ. मला त्याला पुन्हा हात लावायचा नाही."